लॅपटॉप, सराफा आणि साडेदहाचं गेट: इंदूरमधल्या एका विद्यार्थिनीचा एक शनिवार

पार्श्वभूमी

ही विद्यार्थिनी बुऱ्हाणपूरची. घरात मराठी, दारात हिंदी, अशा वातावरणात वाढलेली. इंदूरला एमसीएच्या पहिल्या वर्षाला आहे आणि भंवरकुआ भागात एका पीजीत राहते. तिच्या आणि तिच्या वडिलांच्या परवानगीने हे प्रकरण लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

मी संगणक शिकवतो. जुलै-ऑगस्टमध्ये पालकांचे फोन येतात, "सर, कोणता लॅपटॉप घ्यावा?" मॉडेलचं नाव सांगितलं तर ते उत्तर सहा महिन्यांत शिळं होतं. त्या दिवशी काय काय ठरवावं लागतं, कोण सोबत असतं, पैसे कसे दिले जातात, वस्तू हातात आल्यावर पुढे काय, हे कोणी विचारत नाही. या मुलीच्या एका दिवसात हे सगळे प्रश्न एकामागून एक उभे राहिले, म्हणून तो सविस्तर मांडतो आहे.

तिच्याकडे मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप होता. चार जीबी रॅम, हार्ड डिस्क, आणि चार्जर काढला की बंद. वर्गात अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे मोबाइल अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर, सुरू झालं आणि त्या यंत्राने मान टाकली. वडिलांचं बुऱ्हाणपुरात कापडाचं छोटं दुकान आहे. त्यांनी शुक्रवारी बँकेत जाऊन तिच्या खात्यात ५२,००० रुपये टाकले. दिवाळीनंतरचे दिवस, दुकानात ते एकटेच. त्यांना इंदूरला यायला जमत नव्हतं. भाऊ पुण्यात नोकरीला. "तू घेऊन ये, मी फोनवर आहे," असं तो म्हणाला.

तिच्या मनात त्या शनिवारसाठी आणखी एक गोष्ट होती. चार महिने इंदूरमध्ये राहूनही ती होळकरांचा राजवाडा आणि त्याच्या जवळचा, रात्री खाण्याच्या गाड्यांनी भरणारा सराफा बाजार एकटीने पायी फिरली नव्हती. मैत्रिणींच्या घोळक्यात, ऑटोने, कोणीतरी "चला, चला" करत असताना पाहिलेला सराफा तिला मोजायचा नव्हता. आधी लॅपटॉप, मग संध्याकाळ स्वतःची, असा तिचा बेत होता. हा बेत तिने कोणालाच सांगितला नाही. वडील काळजी करतील म्हणून त्यांना नाही, आणि रामबागेत राहणाऱ्या आत्यालाही नाही, कारण आत्या "नको" म्हणेल याची तिला खात्री होती.

अडचण

वरवर पाहता अडचण एकच होती: ठरलेल्या पैशांत चार-पाच वर्षं टिकेल असा लॅपटॉप घेणं. प्रत्यक्षात एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या स्वभावाची कामं बांधली गेली होती. खरेदीला घाई चालत नाही, ती लांबते. रात्रीच्या भटकंतीला हात मोकळे लागतात आणि घरी परतायची वेळ माहीत असावी लागते. पीजीचं गेट साडेदहाला बंद होतं. सराफ्यातली सोन्या-चांदीची दुकानं रात्री आठ-नऊच्या सुमारास मिटतात आणि त्यानंतर त्यांच्याच ओट्यांवर, त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. म्हणजे सराफा रंगात येतो तेव्हा पीजीचं गेट मिटायला आलेलं असतं. सकाळी निघताना हे गणित तिने मांडलेलं नव्हतं.

समोरचे पर्याय

लॅपटॉपसाठी तिने आणि भावाने मिळून आदल्या आठवड्यात चार वाटा तपासल्या होत्या.

ऑनलाइन किंमत दीड-दोन हजारांनी कमी दिसत होती, पण ती सूट एका बँकेच्या क्रेडिट कार्डावर. घरात क्रेडिट कार्ड कोणाकडेच नाही. 'विनाव्याज हप्ते' हाही पर्याय होता. त्यात व्याज सूट म्हणून वजा दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क ग्राहकालाच भरावं लागतं. वडिलांनी तो पर्याय लगेच बाजूला केला.

जुना, कंपन्यांमधून निघालेला लॅपटॉप वीस-बावीस हजारांत मिळत होता. बांधणी दणकट, कीबोर्ड उत्तम. पण त्या किमतीत मिळणारे बहुतेक इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे होते. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढे चालतं, आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यावर पुढची चार वर्षं काम करायचं त्या यंत्राची सुरुवातच अशी नको, हा भावाचा मुद्दा मला पटतो. विंडोजऐवजी लिनक्स चालवायची तयारी असेल तर मात्र हा पर्याय वाईट नाही. माझ्या काही विद्यार्थ्यांनी तो आनंदाने निवडला आहे.

ब्रँडच्या शोरूममध्ये एकाच कंपनीची यंत्रं दिसणार. राहिला बाजार. इंदूरमध्ये संगणक घ्यायचा म्हटलं की लोक आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलचं नाव घेतात, नाहीतर जेल रोडचं. चार दुकानं फिरून, हात लावून, भाव करून घेता येतं. तिने बाजार निवडला.

निघताना तिच्या वहीत एक पान तयार होतं: १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण), सहा किंवा जास्त कोअरचा (काम करणाऱ्या भागांचा) प्रोसेसर, आयपीएस (बाजूनेही स्पष्ट दिसणारा) पडदा, रॅमसाठी निदान एक मोकळी किंवा बदलता येणारी जागा, वजन पावणेदोन किलोच्या आत, विंडोज मूळ परवान्यासह. किंमत जास्तीत जास्त ४९,०००. उरलेले तीन हजार तिने मुद्दाम बाजूला ठेवले होते. मला या पानाचं कौतुक वाटतं, कारण पुढे दुकानात तिच्या बाजूने बोलणारं तेवढंच होतं.

दुकानातले निर्णय

पहिल्या दुकानात तिच्या यादीतलं मॉडेल नव्हतं. दुकानदाराने दुसरं काढलं. "मॅडम, ये लेटेस्ट है, रायझन फाइव, सात हजार सीरीज, सोलह जीबी." किंमत ४३,५००. तिच्या पानावर प्रोसेसरचं नाव रायझन ५ ७५३०यू लिहिलेलं, समोर होतं रायझन ५ ७५२०यू. एका आकड्याचा फरक, आणि चार हजार वाचणार.

हा पहिला खरा निर्णयाचा क्षण. रायझन बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या या मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा प्रोसेसरची आतली रचना कोणत्या पिढीची आहे ते सांगतो. ७५२० मधला २ म्हणजे झेन २, ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३. पहिल्यात चार कोअर, दुसऱ्यात सहा. शिवाय ७५२०यू ज्या प्रकारची रॅम वापरतो ती बोर्डावरच बसवलेली असते. पुढे वाढवता येत नाही. पहिला आकडा दोन्हींचा ७ आहे, नाव दोन्हींचं रायझन ५ आहे, खोक्यावरचं स्टिकरही जवळजवळ सारखंच. दुकानदार खोटं बोलला असं म्हणता येत नाही. त्याने तिला लागू नसलेली गोष्ट ठळक सांगितली, एवढंच.

तिला हे सगळं माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसलं की आकडा पानावरच्या आकड्याशी जुळत नाही. तिने खोक्यावरच्या पूर्ण मॉडेल क्रमांकाचा फोटो काढून भावाला पाठवला आणि दुकानदाराला म्हणाली, "भैया, पंधरा मिनट में आती हूँ." बाहेर येऊन चहा घेतला. भावाचा निरोप आला: "हा नको." काउंटरवर उभं राहून विचार करायचा नाही, बाहेर जाऊन करायचा, ही सवय तिला वडिलांकडून मिळालेली. दुकानदाराच्या मुलीला दुकानदाराचं काउंटर कसं चालतं हे ठाऊक असतं.

दुसऱ्या दुकानात फक्त आठ जीबीचं होतं, तिथे वेळ गेला नाही. तिसऱ्या दुकानात नेमकं हवं ते मिळालं: ७५३०यू, १६ जीबी, त्यातली आठ जीबी काढता येणारी. बिलासह ४७,८००. बिल नको असेल तर ४५,५००.

२,३०० रुपयांचा मोह लहान नव्हता; तिचा महिन्याचा मेसचा खर्च जवळपास तेवढाच. तिने भावाला न विचारता बिलासह घ्यायचं ठरवलं. तिचं कारण साधं होतं: वडील विचारतील, बिल कुठे आहे? मी यात भर घालेन. बिल म्हणजे वॉरंटीचा पाया. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तक्रार करायची, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलायचं, तरी खरेदीचा पहिला पुरावा तोच. चोरीला गेला तर पोलिसांत सीरियल नंबर लिहून द्यायलाही तोच कागद लागतो. "बिलावर जीएसटी वेगळा लागेल" असं कोणी म्हणालं तर खोक्यावरची एमआरपी दाखवावी. त्यात सगळे कर धरलेले असतात, आणि त्याहून जास्त मागता येत नाही.

पैसे अडकले

दुपारचे पावणेतीन. क्यूआर कोड स्कॅन केला, पिन टाकला, व्यवहार नाकारला गेला. पुन्हा केला, पुन्हा नाकारला.

शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास तिने नव्या फोनमध्ये सिम टाकलं होतं, कारण जुन्याचा पडदा फुटला होता. नव्या फोनवर यूपीआय पुन्हा सुरू केलं की पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा असते. फसवणूक रोखण्यासाठी ही सोय आहे आणि ती योग्यच आहे. पण तिच्या बाबतीत ती मर्यादा शनिवारी रात्री नऊला उठणार होती आणि दुकान साडेआठला बंद होणार होतं. डेबिट कार्ड खोलीवर, कपाटात. वडिलांना फोन केला तर तो दुसरा शनिवार, बँक बंद. मोठी रक्कम ते फोनवरून पाठवत नाहीत.

तिच्यापुढे तीन मार्ग होते. सोमवारी परत यायचं, पण सोमवारपासून अंतर्गत परीक्षा. दुकानदाराच्या सांगण्यावरून ओळखीच्या कोणाकडून पैसे वळवायचे. हा तिने बोलण्याआधीच नाकारला. किंवा भंवरकुआला जाऊन कार्ड आणायचं.

तिने कार्ड आणायचं ठरवलं, आणि जाण्याआधी यूपीआयने २,००० रुपये बयाणा दिला. इथे तिने जे केलं ते मी आता वर्गात सांगतो. दुकानाच्या छापील पावतीपुस्तकावर तिने मॉडेल क्रमांक, सीरियल नंबर, ठरलेली किंमत आणि "आज सायंकाळपर्यंत, न घेतल्यास रक्कम परत" असं लिहून, सही-शिक्क्यासह घेतलं. दुकानदार जरा त्रासला, पण लिहून दिलं. सीरियल नंबर लिहिल्यामुळे तेच खोकं तिच्यासाठी राखलं गेलं.

जायला सिटी बस, यायला ऑटो. मधे कार्डाची दुकानात वापरायची रोजची मर्यादा २५,००० निघाली; ती नेट बँकिंगमधून वाढवली. बिल हातात आलं तेव्हा सव्वासहा वाजले होते. जेवण झालेलं नव्हतं. फोनची बॅटरी २२ टक्क्यांवर आली होती.

इतक्या दमलेल्या अवस्थेत बहुतेक जण खोकं उचलून निघतात. ती एक तास थांबली, आणि हा तास मला त्या दिवसातला सर्वांत मोलाचा वाटतो. खोक्याचं सील तिने स्वतः फोडलं, फोनवर चित्रण करत. खोक्यावरचा, यंत्राच्या तळाचा आणि बिलावरचा सीरियल नंबर जुळवला. सगळे पोर्ट, कॅमेरा, माइक, प्रत्येक कळ, पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर एखादा मेलेला ठिपका दिसतो का, हे पाहिलं. कमांड प्रॉम्प्टमध्ये बॅटरीचा अहवाल काढायची आज्ञा भावाने लिहून दिली होती. त्यात मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता जवळजवळ सारखी होती, म्हणजे यंत्र आधी वापरलेलं नव्हतं.

दुकानातला मुलगा विंडोज सुरू करताना स्वतःचंच खातं टाकू लागला, "मॅडम, बाद में चेंज कर लेना." तिने थांबवून आपलं खातं टाकलं. हे अगदी बरोबर केलं. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा प्रवेश केला की अनेक यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि ते कुलूप उघडायची किल्ली त्या खात्यात साठवली जाते. खातं दुकानातल्या मुलाचं असतं, तर तिच्या डेटाची किल्ली त्याच्या खात्यात गेली असती. पुढे कधी यंत्राने ती किल्ली मागितली की धावपळ ठरलेली.

संध्याकाळ: चुकीच्या क्रमाने आलेला निर्णय

साडेसात वाजता ती रीगल चौराह्यावर उभी होती. हातात कंपनीचं नाव ठळक छापलेली पिशवी, पाठीवर सॅक.

तिच्यासमोरचे पर्याय पुन्हा मांडतो. पीजीवर जाऊन लॅपटॉप ठेवायचा आणि परत यायचं. त्यात तास-सव्वा तास जाणार आणि साडेदहाच्या आत सराफ्याहून परतणं अशक्य. सराफा सोडून द्यायचा. पिशवीसकट फिरायचं. किंवा रामबागेत आत्याकडे ठेवायचा, म्हणजे आत्याला सगळं सांगायचं.

तिने पिशवीसकट चालायला सुरुवात केली. शास्त्री ब्रिज ओलांडून एमजी रोडने गांधी हॉलवरून पुढे, राजवाड्याच्या दिशेने. ती मला म्हणाली, "सर, दिवसभर सगळ्यांना हो-नाही करत होते. तेव्हा वाटलं, आता कोणाला विचारायचं नाही." हे मला कळतं. दमलेल्या माणसाला आणखी एक बोलणी नको असते, आणि नेमकं तेव्हाच सोपा वाटणारा पर्याय उचलला जातो.

कोठारी मार्केटच्या पुढे मोटारसायकलवरच्या दोघांनी हळू होऊन विचारलं, "दीदी, छोड़ दें कहीं?" ती उत्तर न देता चालत राहिली. थोड्या वेळाने तीच मोटारसायकल समोरून परत आली. काही घडलं नाही. कदाचित ते खरोखर नुसतेच फिरत असतील. पण तिने थांबून तर्क केला नाही. उजेड आणि माणसं असलेल्या एका मिठाईच्या दुकानात शिरली, काउंटरवरच्या काकांना "दो मिनट रुकती हूँ" म्हणाली आणि आत्याला फोन लावला.

"कुठे आहेस गं?"
"कोठारी मार्केटच्या पुढे, मिठाईच्या दुकानात. आत्या, लॅपटॉप घेतलाय, तो सोबत आहे."
"एकटीच?"
"हो."
"सकाळी का नाही सांगितलंस?"
याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. आत्यानेही तिथे ताणलं नाही. "आतोबांना पाठवते, तिथेच थांब," म्हणाली. मुलीने सांगितलं की दुकानासमोरच ई-रिक्षा उभी आहे, तिने येते. फोन चालू ठेवून ती दहा मिनिटांत रामबागेत पोहोचली.

रात्रीचं चालणं

इथे प्रकरण संपलं असतं आणि आपल्याकडच्या शंभर घरांमध्ये ते इथेच संपतं. मुलगी घरी आली, सुटलो, आता जेव आणि झोप. ती मात्र वरण-भात खाऊन, फोन चार्जिंगला लावून म्हणाली, "आत्या, मला सराफ्याला जायचंय. एकटीने."

"अगं, रात्र झालीय."
"सराफा रात्रीच असतो, आत्या."

आतोबा सोबत येतो म्हणाले. तिने शांतपणे सांगितलं की त्यांच्यासोबत ती उद्याही जाईल, आजचं जाणं वेगळं आहे. आत्याने अटी घातल्या: जाताना-येताना कृष्णपुऱ्याच्या मुख्य रस्त्याने, गल्लीतून नाही, थेट ठिकाण फोनवर दिसत राहील, सराफ्यातून निघताना फोन, साडेअकराच्या आत घरी. लॅपटॉप, सॅक, कार्ड सगळं घरी. खिशात ५०० रुपये आणि फोन. पीजीच्या आंटींना फोन करून "आज आत्याकडे आहे" असं कळवलं. हा करार मला फार आवडतो, कारण त्यातली प्रत्येक अट वाटेसाठी आणि वेळेसाठी होती. मुलीने कसं वागावं याची एकही नव्हती.

पावणेदहाला ती कृष्णपुऱ्याच्या पुलावर असताना वडिलांचा फोन आला. पीजीच्या आंटींनी खात्री करायला त्यांना फोन केला होता. वडिलांना एवढंच कळलं होतं की मुलगी पीजीत नाही आणि नवा लॅपटॉप आणला आहे. ते पहिल्यांदा रागावले, मग घाबरले, मग गप्प झाले. "परत जा आत्याकडे," म्हणाले.

ती राजवाड्यासमोरच्या बागेजवळ, कुटुंबं बसली होती तिथे, थांबली. वडिलांना थेट ठिकाण पाठवलं, आत्याला फोनवर जोडलं. आत्या म्हणाली, "दादा, मी हो म्हटलंय तिला. लॅपटॉप माझ्या कपाटात आहे." वडिलांनी दोन वाक्यांत विषय संपवला: "लॅपटॉपचं नंतर. तू कुठे आहेस हे मला आधी कळायला हवं होतं. अकराला फोन कर."

पुढचा तास तिचा होता. सराफ्यात गराडू खाल्ला. हिवाळ्यातच मिळणारा तो कंद, तळून वर जिरावण मसाला भुरभुरलेला. भुट्ट्याचा कीस घेतला, दुधात शिजवलेला मक्याचा. एका ओट्यावर बसून माणसं पाहिली. सात मजली राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी आहेत, हे तिने त्या रात्री पहिल्यांदा नीट पाहिलं, कारण घाई करणारं कोणी नव्हतं. परतताना महापालिकेचे सफाई कामगार रस्ते झाडायला निघाले होते, त्यांत बायकाही होत्या. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर वर राहिलं त्यामागे ही रात्रपाळी आहे. तिने मला सांगितलं की ज्या रस्त्यावर बायका काम करताना दिसल्या तो रस्ता तिला आपोआप मोकळा वाटला. रस्ता निवडताना दिव्यांइतकंच हे पाहावं असं मलाही वाटतं: तिथे कोण, कशासाठी थांबलेलं आहे.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळचा पट्टा तेवढा सुनसान होता. तिथे तिने इअरफोन काढून ठेवले, पुढे चाललेल्या एका कुटुंबाच्या मागे थोडं अंतर ठेवून चालली, ११२ हा नंबर हाताशी ठेवला. साडेअकराला पाच मिनिटं असताना घरी.

निष्पत्ती

लॅपटॉप उत्तम चालतो आहे. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकला तेव्हा वॉरंटी दीड महिना आधीच सुरू झालेली दिसली. दुकानदाराकडे माल आला तेव्हापासूनची तारीख नोंदली गेली होती. बिलाचा फोटो जोडून विनंती केली आणि काही दिवसांत तारीख दुरुस्त झाली. बिल नसतं तर ते दीड महिने गेलेच होते.

वडील चार दिवस तुटक बोलले. पाचव्या दिवशी त्यांनीच विषय काढला. आता ठरलं आहे की ती बेत आधी सांगेल आणि ते आधी 'नाही' म्हणणार नाहीत, आधी विचारतील: कुठून, कोणत्या रस्त्याने, परत कशी?

काय वेगळं करता आलं असतं

पैशांची वाट दोन दिवस आधी तपासायला हवी होती. नवा फोन घेतला असेल तर यूपीआयची मर्यादा, कार्डाची मर्यादा, कार्ड सोबत आहे का, हे गुरुवारी पाहिलं असतं तर तिचे साडेतीन तास वाचले असते आणि ती चारलाच मोकळी झाली असती. त्या दिवसातला बाकीचा सगळा ताण या एका गोष्टीतून आला, असं माझं स्पष्ट मत आहे.

साडेसातचा निर्णय मला सर्वांत जास्त खटकतो. मोटारसायकलवाल्यांमुळे तो चुकीचा ठरला असं नाही. ते आले नसते तरी चुकीचाच होता. पन्नास हजारांची वस्तू हातात असताना लक्ष वस्तूकडे राहतं, रस्त्याकडे नाही. तपासून, बिल घेऊन, खोकं दुकानातच ठेवायचं आणि रविवारी उचलायचं, हा पर्याय काही जण सुचवतात. मी सुचवणार नाही. सील फुटलेलं यंत्र रात्रभर परक्या हाती ठेवण्यापेक्षा साध्या कापडी पिशवीत घालून थेट ऑटोने आत्याकडे नेणं बरं. कंपनीचं नाव छापलेली पिशवी दुकानातच द्यावी.

आणि सकाळचा तो न केलेला फोन. तिने आत्याला सांगितलं नाही, कारण उत्तर ठाऊक आहे असं तिला वाटत होतं. प्रत्यक्षात आत्याने हो म्हटलं, अटींसह. पण तिला 'नाही'चीच खात्री का वाटली, हा प्रश्न मुलीला विचारण्याआधी आपण घरातल्या मोठ्यांनी स्वतःला विचारायला हवा. ज्या घरात रात्रीच्या प्रत्येक बेताला नकार मिळतो त्या घरातली मुलं बेत करणं थांबवत नाहीत, सांगणं थांबवतात. मग कोठारी मार्केटच्या पुढे कोणाला फोन करायचा हे त्यांना सुचत नाही. हिला सुचलं, हे तिच्या आत्याचं श्रेय.

एकटीने जाणं यात मला चूक दिसत नाही, ना बाजारात, ना सराफ्यात. काउंटरवर दुसरे डोळे हवे होते, ते तिने पुण्यातल्या भावाच्या रूपाने फोनवर मिळवले. रात्री वाट पाहणारं घर हवं होतं, ते रामबागेत होतं.

पीजीच्या आंटींकडे तिने आणि आणखी सहा मुलींनी अर्ज दिला आहे: महिन्यातून एका शनिवारी गेट साडेअकरापर्यंत उघडं ठेवावं, जाणाऱ्या मुलीने वहीत रस्ता आणि वेळ लिहावी, घरच्यांचा निरोप आधी आलेला असावा. आंटींनी वही आणायला सांगितली आहे.